काहीच नाही

रबाळ्याहून माझी स्कूटर पावणेसातला घरी लागते.
घणसोली, सहावा मजला, लिफ्ट चालू असेल तर.
मढवी काकू दोघांना दारातच माझ्या हवाली करतात,
"बारक्यानं काय खाल्लं नाय हां," असं रोज सांगतात.
त्याचा एक बूट रोज हरवलेला असतो.
सुचेताची दुसरी पाळी.
या वेळी ती नेरुळला कुणाच्या तरी सलाईनचे थेंब मोजते.
मी कुकरच्या शिट्ट्या मोजतो.

फ्रिजच्या दारावर यादी आहे:
सोमवार दुधी, मंगळवार मेथी, बुधवार अंडी.
ही यादी रविवारी दुपारी लिहिली जाते,
जेव्हा माणसाचं स्वतःबद्दल
फार चांगलं मत असतं.

मंगळवारी मेथीची जुडी तशीच, दोऱ्यात बांधलेली.
कणीक मळायला वेळ नाही,
निषाद पायाला लटकलेला, त्याला ओढतच
मी ओट्यापासून सिंकपर्यंत जातो.
नळाला पाणी आहे अजून वीस मिनिटं, पिंपही भरायचंय.
शाल्मली विचारते, "आज जेवायला काय?"
"काहीच नाही," मी म्हणतो, जरा जोरातच.
मग सकाळच्या पोळ्या कुस्करतो,
कांदा, मोहरी, दाणे, चिमूटभर गूळ,
आणि लिंबू पिळताना बी शोधत बसतो.

ताट चाटून पुसून तिने ठेवलं.
दुसऱ्या दिवशी मी दप्तर उतरवत होतो तेव्हा म्हणाली,
"बाबा, आज पण काहीच नाही कर ना."

निषाद मात्र गुप्तहेर आहे.
थालीपिठात दुधी किसून लपवला
तर तो एक हिरवा ठिपका शोधतो,
बोटाच्या टोकावर धरतो
आणि पुरावा म्हणून माझ्यासमोर आणतो.
मी गुन्हा कबूल करतो.
शिक्षा म्हणून मलाच तो खावा लागतो.

गुरुवारी शाळेतून फोन.
मागे प्रेस चालू होती, कानावर हात दाबून
कसाबसा गेटपाशी आलो.
वैजयंती टीचरचा आवाज असा मऊ,
जसा वाईट बातमी देताना करतात.
वर्गात "आमचं रात्रीचं जेवण" लिहायला दिलं होतं.
शाल्मलीने लिहिलं:
आई रात्री घरी नसते.
बाबा आम्हाला काहीच नाही देतो.
मला काहीच नाही खूप आवडतं.
"घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी हसलो, सगळं सांगितलं, मोहरीसकट.
त्याही हसल्या. म्हणाल्या, आमच्याकडे गूळ नाही घालत.
फोन ठेवला
आणि गेटपाशीच उभा राहिलो थोडा वेळ.
ठीक आहे ना,
हे फार दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.
उत्तर द्यायचं राहूनच गेलं होतं,
मी त्यांना फक्त कृती सांगितली होती.

सव्वाअकराला सुचेता येते, अंगाला डेटॉलचा वास.
ताटावर ताट झाकलेलं.
ती उभ्यानेच खाते, ओट्याला टेकून.
मी फोनचं सांगतो. ती हसत नाही लगेच.
"आई रात्री घरी नसते," एवढंच पुन्हा म्हणते,
आणि घास चावत राहते.
मग विचारते, बारका जेवला?
सांगतो, चार घास. पाचवा तोंडात तसाच ठेवून झोपला,
बोट घालून काढला.
हो, दात लागले.

कढई सिंकमध्ये भिजते.
ती मेथीची जुडी काढते, पानं पिवळी पडायला लागलेली,
फरशीवर वर्तमानपत्र पसरते.
मी समोर बसतो.
यादीत शुक्रवारपुढे खिचडी लिहिली आहे,
मेथी कुठेच नाही आता.
तरी आम्ही निवडत बसतो, देठं एकीकडे, पानं एकीकडे,
आणि ती हळूच विचारते,
"गूळ किती घालतोस रे?"